मागच्या नळावर धुतलेली हाडं

आजी बोलल्या तेव्हा माझ्या चिमट्यात उंदराची कवटी होती. हरभऱ्याच्या घाट्याएवढी.

"हाडं-कातडं यायच्या हाताले लागलेलंच असते," त्या सुनेला म्हणाल्या. "आपल्या पोरायच्या हातात काऊन देऊन राह्यली तू?"

आवाज खाली आणला नाही त्यांनी. मी तीन हात अंतरावर बसले होते. ओसरीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर घुबडानं ओकून टाकलेल्या चार गोळ्या. नऊ वर्षांची अन्वी आणि तिचा धाकटा भाऊ माझ्या दोन्ही बाजूंना. सुनेनं, म्हणजे वहिनींनी, मुलांना हाताला धरून उठवलं आणि न्हाणीत नेलं. सकाळी आंघोळ झालेली मुलं पुन्हा ओल्या केसांनी बाहेर आली.  मी हाडं कागदात गुंडाळली. 

मला हे नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. मी हिंगणघाटला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजात गेलेली पहिलीच. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलतात, आई हंगामात कापूस वेचायला जाते. त्या घरी मी विज्ञान शिकवायला जात होते. कापडाचं मोठं दुकान असलेलं घर. वहिनींनी दोन्ही मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं होतं. विज्ञानाची त्यांना भीती वाटायची, म्हणून मी.

त्यांची पद्धत मला फार आवडली होती. पाठ्यपुस्तक नाही. आधी गोष्टीसारखं लिहिलेलं पुस्तक मोठ्यानं वाचायचं, मग ते बाहेर जाऊन शोधायचं, मग वहीत काढायचं. माझ्या शाळेत आम्ही बेडूक फक्त फळ्यावर पाहिला होता. गुरुजी खुणा करून द्यायचे, एवढंच पाठ करा. आणि इथे भिंतभर पुस्तकं. गांडुळावर अख्खं एक पुस्तक! एका वेळी एक घरी न्यायची मला परवानगी होती. बाबांचा डबा घेऊन गेले की जिनिंगच्या फाटकाशी बसून मी वाचायची. पानांत कापसाचं सूत अडकायचं. पुस्तक परत करताना वहिनी ते चिमटीनं काढायच्या.

घुबडाचं पुस्तक वाचून झालं तेव्हा अन्वीनं विचारलं, "ताई, ते खरंच उंदीर अख्खा गिळते?" मी म्हटलं, बघू. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये गव्हाणी घुबडाची जोडी राहते. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून तोंडातून टाकतं. त्या गोळ्या मी खाली वाकून वेचल्या. कोमट पाण्यात भिजवल्या की केस सुटतात, आत सगळा सांगाडा. मला वाटलं, मी या मुलांसाठी खजिना आणला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "आई जुन्या वळणाच्या आहेत. मनावर घेऊ नकोस." मग कप उचलता उचलता, "असं करूया का? तू गोळा करून, धुऊन देत जा. समजावून सांगायला माझा भाऊ येईल. इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीवर आलाय. भाषाही स्वच्छ आहे त्याची. मुलं हल्ली 'का' सोडून 'काऊन काऊन' करायला लागलीत."

आजीही काऊनच म्हणायच्या. पण ते त्यांच्या घरातलं काऊन होतं.

मी म्हटलं, "हो वहिनी."

हेच मला आजही झोंबतं. आजी जे बोलल्या ते त्यांचं. हो मात्र मी म्हटलं. मला ती भिंतभर पुस्तकं सोडवत नव्हती. तीन आठवडे मी मागच्या नळावर बसून हाडं धुतली. ताटलीत मांडली. ताटली पुढे जायची, मी मागेच. ओसरीवरून मामाचा आवाज यायचा.

घरी आईनं ओढणीला बांधलेल्या गोळ्या पाहिल्या. तिला सांगावं लागलं. ती चुलीपुढून उठली.

"शिकून हेच कराचं होतं काय वं?"

"माय, हे सायन्स आहे."

"तुह्या आज्यानं वडनेरात मेलं ढोर ओढाचं सोडलं. पाटलाच्या दारात जाऊन सांगितलं, ढोर तुमचं हाय, तुमीच ओढा. त्याच्या पायी गावानं पाणी बंद केलतं आपलं. अन् तू हाडं घेऊन त्यायच्या मागच्या दारात बसून राह्यली?"

 तिला हाड दिसत होतं, मला दार. दोघी रात्रभर तळमळलो.

तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी वहिनींकडे घरीच शिकणाऱ्या इतर मुलांची कुटुंबं आली होती, वर्धेहून, नागपूरहून. अंगणात टेबल. मी धुतलेली हाडं काळ्या कागदावर चिकटवलेली, खाली सुंदर अक्षरात नावं. मी मागच्या नळाशी, बादली घेऊन. मधलं दार उघडं होतं म्हणून सगळं ऐकू येत होतं.

मामा म्हणाला, "या पाचही उंदरांच्या कवट्या."

अन्वीचा आवाज आला. "मामा, हिच्या दातांत फट नाही."

"लहान उंदीर असेल."

"पण ताई म्हणते फट पाह्यजो."

"ताईला काय विचारतेस? ताई फक्त आणून देते."

हशा झाला. वाईट नव्हता तो, घरगुती होता. मी उठले. माझे पाय ओले होते आणि मधल्या खोलीत फरशी. पावलं उमटत गेली. इतक्या महिन्यांत त्या खोलीतून अंगणात मी कधी गेले नव्हते.

"ही उंदराची नाई," मी म्हटलं.   "उंदराले पुढं पटाशीचे दात, मग मोकळी जागा, मग दाढा. हिले सगळे अणकुचीदार, एकाले एक लागून. ही किडे खाणारी. चिचुंद्री हाय हे."

पोरं टेबलाला भिडली. एकानं भिंग ओढलं. मामा कवटीकडे बघत राहिला. वहिनी माझ्याजवळ आल्या आणि हसून म्हणाल्या, "छान सांगितलंस. आता मागचं आवरून घे हं."

 

मी काळा कागद उचलला. पाचही कवट्यांसकट. "हे मी आणलेलं आहे वहिनी. शिकवायचं असेल तर मी ओसरीवर बसून शिकवीन. नाहीतर हे माझ्यासोबत जाईल."

"अगं, मुलांसमोर कशाला?"

"मुलांसमोरच झालं होतं."

आजी खुर्चीतून म्हणाल्या, "जाऊ दे वं तिले. एवढाली हाडं घेऊन कुठं जाते पाहू."

पिशवीतलं त्यांचं पुस्तक मी टेबलावर ठेवलं. अर्धं राहिलं होतं वाचायचं. अन्वी फाटकापर्यंत आली. "ताई, उद्या येजो." मी तिला 'येते' असं खोटं सांगितलं नाही.

आई अजूनही ती हाडं घरात येऊ देत नाही. मी ती बुद्धविहाराच्या ओट्यावर मांडते, रविवारी सकाळी. आमच्या वस्तीतली पोरं लांबून बघतात, त्यांच्या आया हाक मारून नेतात. दोन रविवार कोणी बसलं नाही. येत्या रविवारीही मी बसणार आहे.

आजोबांनी टाकलं ते मी का उचललं, हे आईला मला अजून सांगायचं आहे. नीट शब्द सापडलेले नाहीत. पण एवढं पक्कं आहे: हाड मी उचलीन, दात मी मोजीन, नाव मी सांगीन. धुऊन दुसऱ्याच्या ताटलीत ठेवणार नाही.