दोन मिनिटांचं काम

पोळी करपली म्हणून शेत पुन्हा नांगरायला घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. ते माझ्या बायकोचे मामा. नालवाडीत राहतात आणि वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी आपल्या जुन्या संगणकाचा कर्नल घरीच तयार करतात. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला मुख्य कारभारी. तो हजारो फायलींचा बनतो, पण एक फाइल बदलली तर तेवढीच नव्यानं करून बाकीच्यांत जोडायची असते. दोन मिनिटांचं काम. मामाजींना पाच तास लागायचे, कारण त्यांच्याकडे दरवेळी अख्खा कर्नल पहिल्यापासून बनायचा.

तसं अर्ध्यावरून काही सुरू करणं त्यांच्या रक्तातच नाही. चहात साखर कमी पडली तर वरून घालणार नाहीत, चहा ओतून नवं आधण ठेवतील. गोष्ट सांगताना कोणी मध्येच "मग?" म्हटलं की संपलं, गाडी परत "मी खात्यात लागलो तवा" या स्टेशनावर! मामी होत्या तोवर दटावायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता दटावायला कोणी नाही, म्हणून मीच दर रविवारी सिंदीहून चक्कर मारतो.

एकदा गेलो तर पडद्यावर फायली सरकत होत्या. जुना प्रिंटर अर्ध्या पानावर थांबतो, त्याचा इलाज चालला असेल, असं मला वाटलं.

"काय बदललं, मामाजी?"

"एका फायलीत टीप लिहून ठेवली होती. तिच्यात पूर्णविराम द्याचा राह्यला होता."

मी खुर्चीतच हादरलो. अहो, ती टीप यंत्र वाचतसुद्धा नाही, ती माणसांसाठी असते! एका ठिपक्यापायी पाच तास वीज, आणि तीही वीज खात्याच्या माणसाच्या घरी!

"होऊन राह्यलं ना," मामाजी शांतपणे म्हणाले. "तुमी बसा. मी वांग्याची भाजी टाकतो."

मी हट्टाला पेटलो. संगणक बंद करून त्याची पेटी उघडली तर आतल्या घड्याळाचा बारका सेल मेलेला. बटण बंद केलं की यंत्र तारखेनं कित्येक वर्षं मागे जायचं. मग नुकतंच केलेलं कामही त्याला जुनाट वाटायचं आणि ते बिचारं सगळं पुन्हा करायला बसायचं. मी नवा सेल घातला, तारीख लावली आणि शेवटचा म्हणून अख्खा कर्नल एकदा होऊ दिला. पुढच्या रविवारी मामाजींनी एक आकडा बदलला आणि खरोखर दोन मिनिटांत काम झालं! मी जग जिंकल्यासारखी गाडीला किक मारली.

त्यानंतरच्या रविवारी जातो तो काय, पुन्हा फायलींची रांग! सेल जागेवर होता, घड्याळ बरोबर होतं. पडद्यावरच्या जुन्या ओळी वर सरकवून पाहिल्या आणि माझे डोळेच पांढरे झाले. मी यायच्या आधी मामाजींनी स्वतःच्या हातानं, केलेलं सगळं पुसून टाकलं होतं.

"हे तुमीच पुसलं? काऊन?"

मामाजी पडद्याकडेच बघत राहिले.

"मागच्या खेपेले दोन मिनिटात झालं, जावईबापू. तुमी निंघून गेले. भाजी शिजाचीच होती."

मला लाज वाटली. इतके रविवार मी यंत्राचा दोष शोधत होतो. गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि वांगी चिरायला घेतली. थोड्या वेळानं मामाजींनी गोष्ट सुरू केली. ती चांगली रंगात आल्यावर मी मुद्दाम म्हटलं, "मग?"