नापसंतीची पूर्वतयारी

आमच्या साडूंइतका आनंदाला घाबरणारा माणूस पुणे महापालिकेच्या हद्दीत दुसरा सापडणार नाही, आणि ही हद्द आता कुठवर गेली आहे ते आपण जाणताच. आनंद होण्याला त्यांची हरकत नाही. तो होणार आहे असं आधी कळण्याला आहे. लग्नाच्या जेवणाला ते घरून पोहे खाऊन निघतात, म्हणजे तिथली जिलबी मऊ निघाली तरी जिवाला लागत नाही. नव्या हॉटेलात शिरताना "इथे काही धड मिळत नसणार," असं मालकाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणतात. एका मालकानं मान वर न करता विचारलं होतं, "मग आलात कशाला?" साडूंना तो माणूस फार आवडला. "मुलगी बघायला गेलो तेव्हाही मी काही अपेक्षा ठेवली नव्हती, म्हणून तर पसंत पडली," असं त्यांनी एकदा चारचौघांत सांगितलं. त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, शांतपणे म्हणाली, "मी ठेवली होती."

साडू कर्वेनगरात राहतात आणि खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेतात. उरलेल्या वेळात पंचेचाळिशीतला हा गृहस्थ व्हिडिओ गेम खेळतो, आणि स्वभावाचं मूळही तिथंच आहे. कॉलेजात असताना त्यांच्या सदाशिव पेठेतल्या खोलीवर कुणीतरी एक सीडी विसरून गेलं. वर नाव नाही, चित्र नाही. आत एक म्हातारा खलाशी होता, तो धुक्यात हरवलेली गलबतं शोधत वल्ही मारत फिरायचा. कशाचीच कल्पना नसताना साडूंना तो गेम असा काही लाभला की मेसची वेळ आणि एक परीक्षा दोन्ही बुडाल्या. पुढे नोकरी लागल्यावर बातमी आली की त्याचा दुसरा भाग येतोय. साडूंनी वाट पाहता पाहता मनातल्या मनात अख्खा गेम स्वतःच रचून टाकला, रजा काढली, ऑफिसात पेढे वाटले. आणि आलेल्या भागात होडीला चक्क इंजिन! "वल्ही काढली हो त्यांनी, वल्ही!" हे सांगताना त्यांचा आवाज आजही चिरकतो. मी मागाहून तो गेम पाहिला. चांगला होता बिचारा. साडूंच्या मनातला नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा.

यंदा तिसरा भाग येणार असं कळलं आणि साडूंनी धसका घेतला. "दुसऱ्यानं पहिल्याची अर्धी गोडी नेली. यानं उरलेली नेली, तर माझ्याकडे काय राहिलं?" ते विनोद करत नव्हते. मला हसू आवरावं लागलं, आणि त्यांची मायाही वाटली. मग त्यांनी नापसंतीची रीतसर तयारी सुरू केली. गेमच्या जाहिराती आणि बातम्या बंद. ऑफिसात कुणी विषय काढला की हे पाण्याची बाटली घेऊन उठणार. बटण अडकणारा जुना कंट्रोलर माळ्यावरून काढून, मूळ गेम त्यावर खेळून, त्याच्यावर चिडण्याचा सराव. आणि दर रविवारी मला चहाला बोलावून हुकूम, "हं, वाईट बोला."

मला गेममधलं ओ की ठो कळत नाही. "समुद्र जरा जास्तच ओला केलाय म्हणतात," मी म्हणायचो.

"छान. अजून?"

"खलाशाची दाढी चिकटवल्यासारखी दिसते."

साडू समाधानानं बिस्किटांची बशी पुढे सरकवत. एकदा माझ्या तोंडून "चित्रं मात्र सुंदर आहेत म्हणे," असं निसटलं, तर माझा चहा अर्धा असतानाच त्यांनी विचारलं, "तुम्हाला उशीर होत असेल ना?"

तयारी इतकी चोख झाली की गेम आला तेव्हा साडूंना तो सुरूच करवेना. "वाईटच असणार. कशाला बघायचा?" त्या शनिवारी संध्याकाळी मी गेलो, तर मेव्हणी कणीक भिजवून ठेवून सोफ्यावर मांडी घालून खेळत होती. तिला ना पहिला भाग ठाऊक, ना दुसरा. होडी खडकावर आपटली की खदखदून हसायची. साडू दारात उभे, तोंड भिंतीकडे.

"डावीकडे घे," त्यांना राहवलं नाही.

"काय आहे डावीकडे?"

"मला काय माहीत? पण म्हातारा डावीकडेच जायचा."

डावीकडे धुकं होतं आणि धुक्यात गलबत. मेव्हणी ओरडली, साडू तिच्याशेजारी कधी बसले ते त्यांनाही कळलं नाही. त्या रात्री पोळ्या बाहेरून आल्या. पुढचे कितीतरी दिवस ऑफिसातून हा माणूस चक्क घाईनं घरी येत होता.

गेम संपला त्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. "वाईट बोलू का?" मी विचारलं.

"नको." मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "चौथा भाग येईल ना हो? आला, तर आम्ही दोघं पहिल्या दिवसापासून…" ते लाजले होते.

हा शेवटचाच भाग, असं गेम बनवणाऱ्यांनी केव्हाच जाहीर केलं होतं. बातम्या टाळणाऱ्या साडूंना ते कळायला मार्ग नव्हता. मी ते वाचलं होतं. दर रविवारी इतकं खोटंनाटं वाईट बोललो, पण एवढं एक खरं वाईट त्यांना सांगायचं राहून गेलं होतं, आणि आता तर जीभ उचलेना.

"येईल की," मी म्हणालो. साडू इतके खूश झाले की मला दुसरीकडे बघावं लागलं.