जनाबायच्या डोळ्यातली छत्री

आधीच सांगतो, मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. अमावास्येला मुद्दाम नखं कापणारा माणूस मी. तेव्हा हे वाचून कुणी "सर, वास्तुशांत करून घ्या" असं कळवू नये. करणार नाही.

नागावला आमचं होमस्टे आहे. निवृत्तीनंतर स्वयंपाकघराला लागून असलेली खोली मी फोटो स्टुडिओसाठी बळकावली. स्वस्तात कुठले लाइट घ्यावेत, असं आमच्या फोटोग्राफी मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं. ते डोळे मिटून म्हणाले, "सर, प्रकाश ही साधना आहे." आणि परदेशी दिव्यांची यादी पाठवली. साधना पेन्शनीत बसेना.

पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं होतं – कोळीवाड्यातली जनाबाय, आमच्याकडे सुकी मासळी घेऊन येते ती. तिला 'भिंतीवरचा' फोटो हवा होता. आपल्यामागे हार घालतील तो फोटो आपल्याच पसंतीने काढून ठेवायचा, असं आमच्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्या करतात. अडचण एकच. फ्लॅश उडाला की तिचे डोळे मिटायचे. तीन स्टुडिओ करून झाले होते.

"मेल्यावं तं डोलं मिटायचंच हायत, मास्तर. भिंतीवं तरी उघडं ऱ्हाऊं द्या."

एलईडी पॅनल स्वस्त होता, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सतत उजेड तिला सोसत नव्हता. म्हणून फ्लॅशच घेतले. एक नवा, साधा, पुढे सॉफ्टबॉक्स म्हणजे चौकोनी कापडी खोका. दुसरा जुना, उरणच्या एका बंद झालेल्या स्टुडिओतला. मालक वारले होते, त्यांच्या मुलीने दिवा पुसून पिशवीत घालून दिला. हा 'स्लेव्ह' – पहिला दिवा उडाला की त्याचा उजेड पाहून हा उडतो. स्वतःहून काही करत नाही.

सकाळी अकराला जनाबाय नऊवारी नेसून, अबोलीचा वळेसर माळून आली. मी काळा पडदा ओढला. शेजारी मिक्सर घरघरत होता.

"अगं, बंद कर ते!" मी ओरडलो.

"पाहुण्यांना उपाशी ठेवू का?" आतून बायको.

जनाबाय हसली. मी बटण दाबलं. दिवा उडाला. डोळे उघडे! अकरा फोटो काढले, अकराच्या अकरात डोळे टक्क उघडे. मी अध्यक्षांना मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं.

ती गेल्यावर बायको पदराला हात पुसत आली. "अहो, तुमच्या नव्या दिव्याचा प्लग लावून घ्या. वाटण करायला मीच काढला होता, ती यायच्या आधी."

जुना दिवा खोलीतल्या पॉइंटवर होता, पण नव्याची वायर मी स्वयंपाकघरातून घेतली होती आणि तिथे पॉइंट एकच. मिक्सर चालू म्हणजे माझा नवा दिवा बंद... आणि मिक्सर तर मी कानांनी ऐकला होता.

प्लग काढला तरी दिव्यात थोडी वीज साठून राहते, मान्य. त्यात एखादा फ्लॅश निघेल. अकरा? बाहेरचा उजेड म्हणाल तर पडदा होता. मोबाइल कुणाच्या हातात नव्हता. मग जुन्या दिव्याने नेमकं काय पाहिलं? दुपारभर प्लग काढून, मिक्सर रिकामा फिरवून मी तेच करून पाहिलं. जुना दिवा एकदाही उडाला नाही. बायकोने मिक्सरची काळजी व्यक्त केली, माझी नाही.

संध्याकाळी फोटो कॉम्प्युटरवर मोठे केले. समोरचा दिवा माणसाच्या बुबुळात दिसतो. माझा सॉफ्टबॉक्स चौकोनी. जनाबायच्या दोन्ही डोळ्यांत गोल उजेड होता, आत आठ काड्या. छत्री! स्टुडिओत दिव्याला लावतात तसली. माझ्याकडे ती नाही, कधीच नव्हती.

उरणला फोन केला. मुलगी म्हणाली, "बाबा छत्रीच लावायचे. खोका समोर आला की माणसं डोळे मिटतात, म्हणायचे. का हो, दिव्यात काही प्रॉब्लेम?"

"नाही," मी म्हणालो.

बायकोचं म्हणणं, दिव्यासमोर नारळ फोडा. मी म्हटलं, नारळ फुटेल तो सोलकढीसाठी. अध्यक्षांना फोटो दाखवला. त्यांनी साधना बाजूला ठेवून सल्ला दिला, "स्पर्धेला पाठवा, पण डोळ्यातली ती छत्री पुसून टाका. दोन मिनिटांचं काम."

पुसणार नाही. ज्याचं उत्तर सापडलं नाही ती नोंद खोडायची नसते, हे मी पोरांना तीस वर्षं सांगत आलोय. उत्तर मला आजही सापडलेलं नाही. भुताला मी मानत नाही, आणि दिवाही परत करणार नाही.

फोटो द्यायला गेलो तेव्हा जनाबायला ती छत्री बोट ठेवून दाखवली. तिने फ्रेम लांब धरून बराच वेळ पाहिली.

"व्हय की. पन डोलं उघडं हायत ना, मास्तर? ठोका खिला."