मथुराबाईनं जुळवलेली शेवटची सोयरीक

आमच्या बुधवारा मोहल्ल्यात कुजबुज अशी, की मथुराबाईनं देवीला पोर दिली आणि नातू मागून घेतला.

मथुराबाई सोयरिकी जुळवायची. बुऱ्हाणपूरपासून चांदनीपर्यंत कोणाची मुलगी तिरळी, कोणाचा मुलगा टोपीखाली टक्कल झाकतो, सगळं तोंडपाठ. माझंही लग्न तिनंच जमवलं. बायको अजून तिला शिव्या घालते.

तिच्या मुलाचं, विपुलचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नंतर चार तास पोराचा हात हलेना, श्वास घेता येईना. मशीनवर तगला. भूल देताना स्नायू ढिले करायला एक इंजेक्शन देतात. त्याचा असर काही मिनिटांत संपवणारं एंझाइम त्याच्या रक्तात जवळजवळ नव्हतंच. डॉक्टरांनी बहिणीचं, तृप्तीचंही रक्त तपासायला लावलं. तेच निघालं.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनआधी हा कागद दाखवायचा. ते इंजेक्शन टाळलं की झालं."

मथुराबाईनं कागद पेटीच्या तळाशी घातला. रक्तात खोट आहे एवढ्या बोलण्यावर किती सोयरिकी मोडतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तृप्तीलासुद्धा म्हणाली, "तुझं एकदम चांगलं आलं, बेटा." आणि बुऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या धर्मेंद्रशी, केळीवाल्या घरात, पोरगी उजवली.

बाळंतपणात नाळ बाळाआधी खाली उतरली. लगेच पोट उघडायचं होतं, पूर्ण भूल देऊन. भूल देणारे डॉक्टर धावत बाहेर आले.

"बाई, घरात कोणाला भुलेनं तकलीफ झाली होती का? जल्दी सांगा!"

मथुराबाई काय बोलली, ते बुधवाऱ्यात सात जण सात तऱ्हेनं सांगतात. त्यातला एकही तिथं नव्हता.

बाळ रडलं. तृप्तीचा श्वास परत आला नाही. त्या लहान दवाखान्यात मशीन नव्हतं. हातानं फुगा दाबत तिला खंडव्याकडे नेलं. वाटेत घशातली नळी निसटली.

नातू लालबागला आहे. मथुराबाईला दाखवत नाहीत.

परवा गल्लीतली मालूबाई आपल्या पोराचा फोटो घेऊन आली. "मावशी, एखादी मुलगी बघ ना."

"आधी त्याचं रक्त तपासून आण."

"हो, आणि पाय पण मोजून आणते!" मालूबाई हसत निघून गेली. गल्लीत सांगितलं, म्हातारी सटकली.

नवस कुठलाच नव्हता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा विहीण शेजारी उभी होती, म्हणून मथुराबाई "कोणालाच नाही" म्हणाली.