सकाळची माणसं, आत्ताची होडी

गुणवंतीची ऋतिका देवरुखला कॉम्प्युटर शिकली, तेव्हा बंदरावरच्या बायका म्हणायच्या, आता ही पुण्याला जाणार नि तिकडचीच होणार. गेलीही. पण तीन वर्षांत परत आली आणि मच्छीमार सोसायटीच्या पत्र्याच्या ऑफिसात, सुकटीच्या वासात, कॉम्प्युटर मांडून बसली. गुणवंती मासळीवाली, तिच्या तोंडाला कोण लागणार? पण लेक नेमकं करते काय, असं कुणी विचारलं की तिची बोलती बंद व्हायची.

काम तसं सांगण्यासारखं आहे, आणि मी सांगणारच. सोसायटीत भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे, सगळे त्याला बोर्ड म्हणतात. समुद्रावर गेलेल्या प्रत्येक माणसाचं नाव त्यावर पिवळं दिसतं, आणि माणूस सुखरूप किनाऱ्याला लागला की हिरवं होतं. त्यासाठी दोन निरोप जोडावे लागतात. होडी कुठे आहे, हे होडीवरचं यंत्र थेट उपग्रहाला कळवतं. होडीत माणसं कोण, हे तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, फोनवरून येतं, तेही रेंज मिळेल तेव्हा. आता हे दोन निरोप काय हातात हात घालून येतात? कधी हा पुढे, कधी तो.

आधी ज्यानं हे काम केलं होतं, त्याचा प्रोग्रॅम भलताच उतावळा. होडी खाडीत शिरली रे शिरली की माणसांचा हाताशी असेल तो निरोप तिला जोडून मोकळा, मग तो सकाळचा का असेना. आणि आपल्याकडे तर रीतच आहे, भर समुद्रात कुणाचं इंजिन अडलं की शेजारच्या होडीतला माणूस उडी मारून तिकडे मदतीला जातो. सकाळी या होडीत असलेला दुपारी त्या होडीत, आणि बोर्डावर मात्र पहिल्याच होडीबरोबर हिरवा.

ऋतिकानं हे मोडून नव्यानं बांधलं. जो निरोप आधी येईल त्यानं जोडीदाराची वाट बघायची, आणि माणसांचा निरोप होडी लागल्यानंतरचाच हवा. फार उशीर झाला तर घंटा वाजेल, पण अंदाजानं हिरवं होणार नाही. झालं, लोकांनी नावं ठेवायला सुरुवात केली. माणूस घरी जेवायला बसलाय आणि बोर्डावर अजून पिवळा! सोसायटीचा सेक्रेटरी अजिंक्य तर रोज कुरकुरायचा.

ऑक्टोबरात वादळाचा इशारा आला आणि होड्या मिळेल त्या खाडीत शिरल्या. राहिलेल्यांना शोधायला सरकारची गस्तीनौका समुद्रात गेली. गुणवंतीचा नवरा काशीराम तांडेल आणि मुलगा रूपेश एकाच होडीवर. होडी बुरोंडीला लागल्याचं यंत्रानं कळवलं, पण तिकडचा टॉवर बंद, फोन लागेना. संध्याकाळ व्हायला आली. बोर्डावरची बाकी सगळी नावं हिरवी झाली, या एका होडीची तेवढी पिवळी राहिली.

"गस्तीनौका विचारतेय, परत फिरू का," अजिंक्य ऋतिकाला म्हणाला. "होडी खाडीत आहे, माणसं काय उडून जातील? कर हिरवं."

गुणवंती दारातच उभी होती. तिलाही तेच हवं होतं. "कर गो बाय," ती म्हणाली. "एकदा हिरवं बघू दे मला."

ऋतिकानं मान वर केली नाही. "आई, होडी आत्ताची आहे, माणसं सकाळची आहेत. हे जोडायचं नाही. अजिंक्यदादा, त्यांना सांगा, परत फिरू नका."

गुणवंतीला असा राग आला, की पोटच्या पोरीला दोन ठेवून द्याव्यात. आईलाही हिशेबात धरत नाही म्हणजे काय!

तिकडे काशीराम वाऱ्यापावसात बुरोंडीच्या वरचा कातळाचा सडा चढला, तेव्हा कुठे त्याच्या फोनला रेंज आली आणि अडकलेला निरोप सुटला. बोर्डावर काशीराम हिरवा झाला, बाकीचे खलाशी हिरवे झाले. रूपेश पिवळाच. दुपारी बंदरावरच्याच रघूच्या लहान होडीचं इंजिन बंद पडलं म्हणून तो तिच्यावर गेला होता. त्या होडीवर यंत्र नाही, म्हणून बोर्डावर तिचं नावही नाही. ते दोघं कुठे आहेत, हे सरकारला ठाऊक नव्हतं, देवालाच ठाऊक. काशीरामनं फोनवर त्यांना सोडलं ती जागा सांगितली. नौका अजून समुद्रातच होती, ती तशीच तिकडे वळली.

रात्री रूपेश आणि रघू धक्क्यावर उतरले, चिंब भिजलेले, थंडीनं काकडत. गुणवंतीनं रूपेशला आधी शिव्या घातल्या, मग पदरानं त्याचं डोकं पुसलं. अजिंक्यनं रघूच्या अंगावर कांबळं टाकलं. ती ऑफिसात गेली. ऋतिका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"तुला भीती नाय वाटली गो, भावाचं काय झालं असेल ती?"

"वाटली ना," ऋतिका म्हणाली. "म्हणूनच हिरवं केलं नाही."

गुणवंतीनं लेकीचे हात ओढून आपल्या हातात घेतले. मग दाराशी जमलेल्या सगळ्यांकडे वळून तिनं, बाजारात लावते त्याच आवाजात सांगितलं, "ऐकलात? काशीराम समुद्रावरचा तांडेल. किनाऱ्यावरची तांडेल ही, माझी ऋतिका."