काकांचा एक्स-रे आणि बाबांचा सोमवार

ताडकळसला आमचं आणि काकांचं घर एकाच अंगणात. बाबा जिनिंगमध्ये कापूस मशीनपर्यंत ओढायचे. काका, त्यांचे थोरले भाऊ, खडी क्रशरवर दगड टाकायचे. दोघांनाही बिडीचा नाद नव्हता, तरी दोघंही खोकायचे.

बाबांचं जरा विचित्र होतं. रविवारी सुट्टीला ते ठणठणीत. सोमवारी कामावर गेले की संध्याकाळी छाती आवळून यायची, दारातच टेकायचे. पुढं आठवडाभरात हलकं वाटायचं. आई म्हणायची, "कामाचा कंटाळा हाय हा, दुसरं काय न्हाई." बाबाही हसायचे. काकांच्या धापेला मात्र वारबीर नव्हता. हापशावरून घागर आणताना ते मधेच थांबायला लागले, तेव्हा मी दोघांनाही परभणीला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही एक्स-रे उजेडावर शेजारी शेजारी लावले. बाबांचा जवळजवळ स्वच्छ. काकांच्या फुप्फुसांत वरच्या बाजूला बारीक पांढरे ठिपके, ज्वारी सांडावी तसे. मी बघतच राहिले. एका आईची लेकरं, एकाच चुलीवरचं खाल्लेली, आणि आत एवढा फरक!

"हे माज्या आतलं हाय?" काकांनी विचारलं. आवाजात भीतीपेक्षा नवलच जास्त होतं.

"दगडाच्या धुळीनं झालेले व्रण आहेत, काका. ते आता जायचे नाहीत. पण धूळ टाळली तर बरंच राखता येईल." मग त्या बाबांकडे वळल्या. "तुम्हाला सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जास्त त्रास होतो का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सोमवारचं आम्ही सांगितलंच नव्हतं! बाई म्हणाल्या, कापसाची धूळ अशीच वागते, सुरुवातीला फोटोत दिसत नाही. काम वेळीच सुटलं तर माणूस सावरतो.

बाबांनी जिनिंग सोडलं. काका दुसऱ्या दिवशी एक्स-रे घेऊन क्रशरवर निघाले, सोबत मी. मशीन थांबलं होतं. काकांनी फिल्म उन्हाकडे धरली. तोंडाचे रुमाल सोडत माणसं भोवती गोळा झाली.

"ह्ये मी हाय," काका म्हणाले. "नीट बघून घ्या."

एकानं नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मालकही आला. फिल्म हातात घेऊन निरखली, मग हळूच म्हणाला, "पाणी मारलं तर धूळ बसंल का?"

"बसंल की. कवाच मारायला पाहिजे हुतं," काका म्हणाले.

थोड्याच दिवसांत तिथं पाण्याचे फवारे लागले.

बाबा आता एका रोपवाटिकेत कामाला आहेत, छाती मोकळी आहे. काका क्रशर सोडून घरीच असतात, त्यांना मात्र रोज काही तास ऑक्सिजनचं मशीन लागतं. परवा क्रशरवरचा एक जण भेटायला आला, गुडघ्यापर्यंत फवाऱ्यांच्या चिखलानं माखलेला.

"काका, तुमच्यापायी चिखलात लोळायलाव आमी!"

काका एवढे हसले, की नाकातली नळी सावरत मला त्यांची पाठ चोळावी लागली.