कात्रीआबांना हवा होता कठडा

हात गिऱ्हाइकाच्या केसांत आणि कान गप्पांत, अशी उभी हयात काढलेला न्हावी म्हणजे कात्रीआबा. गल्लीत कुणाची बदली झाली, कुणाची सोयरीक फिसकटली, सगळं आधी आबांना कळायचं, मग त्या घरच्यांना!

पुढे गुडघ्यांनी दगा दिला, दुकान सुटलं आणि आबा दुसऱ्या मजल्यावर अडकले. जिन्याचा कठडा गंजला म्हणून घरमालकाने कापून नेला, तो नेलाच. आबांचं मागणं एवढंच, की कठडा बसवा. धरून धरून उतरेन आणि खालच्या बाकावर चार माणसांत बसेन.

गल्ली मोठी मायाळू हो. तळमजल्याचा वाणी म्हणाला, "आबा, जिवाला त्रास कशाला? किराणा मी पोचवतो." शेजारच्या मास्तरीणबाईंनी डॉक्टरांना घरी यायला पटवलं. आबांचा जुना कारागीर दाढी करायला वर येऊ लागला. पण हा गडी कानात गाणी खुपसून वस्तरा चालवायचा.

"अरे, खाली काय नवीन?"

"मान सरळ ठेवा, आबा."

एकेक काम वर आलं, तसतसा कठडा मागे पडला. विषय काढला की वाणी हसायचा, "आता खाली तुमचं काम तरी काय उरलंय?" परगावच्या लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, नशीबवान आहात! आमचे शेजारी तोंडसुद्धा दाखवत नाहीत." आता गाऱ्हाणं सांगायचं तरी कुणाचं?

एका दुपारी बाकावर हशा पिकला. असा, की आबांना घरात बसवेना. ते वरच्या पायरीवर टेकले आणि बसल्या बसल्या सरकत उतरू लागले. जेमतेम वळणापर्यंत पोचले, तोच मास्तरीणबाई ओरडल्या, "अगं बाई! आबा पडले!"

"पडलो नाही हो, उतरतोय!"

ऐकतंय कोण? अख्खा बाक धावत वर आला. वाण्याने खुर्ची आणली, चौघांनी आबांना तीत बसवून उचललं आणि मिरवणूक निघाली, ती वरच्या दिशेला.

"काय हवं होतं, आबा? हाक नाही का मारायची?"

"तुम्ही हसत कशाला होता रे?"

"कधी? छे, या धांदलीत विसरलोच बघा!"

पाणी पाजलं, पाठीला उशी दिली, गुडघे चोळून दिले. मंडळी उतरली. मागे राहिलेल्या मास्तरीणबाई दारात घुटमळल्या. "आबा, राग मानू नका. बाहेरून कडी लावते. परत असं काही केलंत तर आमच्या जिवाला घोर."

आबांनी तोंड उघडलं. बाईंचे डोळे भरून आले होते.

"फार करता हो तुम्ही सगळे माझ्यासाठी," आबा म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून तर पुढचं बोलता येईना. कडी लागली.